मोटारीची वार्षिक परीक्षा

परीक्षा हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांसमोर शाळेंतील बाकें, उत्तरपत्रिका आणि निकालाच्या दिवशींची धडधड उभी राहते. आज ज्या परीक्षेविषयीं मी चार शब्द बोलणार आहें, तींत उमेदवाराला लिहावें लागत नाहीं आणि बोलावेंहि लागत नाहीं. उमेदवार असते मोटारगाडी. आपल्याकडे ट्रक, टॅक्सी, रिक्षा यांना अशी परीक्षा द्यावी लागते व तिला सारेजण 'पासिंग' म्हणतात. घरगुती मोटारीच्या मालकाची मात्र तिच्याशीं क्वचितच गांठ पडते. माझीहि पडली नव्हती. पुढें नोकरीच्या निमित्तानें कांहीं वर्षें मी इंग्लंडांत राहिलों, तेथें एक जुनी गाडी घेतली, आणि पहिल्याच वर्षीं ती या परीक्षेंत नापास झाली. ती कां नापास झाली हें समजून घेतांना जें शिकलों, तेंच आज आपल्यापुढें ठेवावयाचें आहे.

ब्रिटनमध्यें या परीक्षेला 'एम्. ओ. टी.' म्हणतात. 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्स्पोर्ट', म्हणजे वाहतूक मंत्रालय, या नांवाचीं तीं आद्याक्षरें. त्या नांवाचें मंत्रालय आतां राहिलेलें नाहीं, पण लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव कायम आहे. ही परीक्षा १९६० सालीं सुरू झाली. अर्नेस्ट मार्पल्स हे त्या वेळीं वाहतूक मंत्री होते. आरंभीं दहा वर्षें झालेल्या गाड्यांनाच ती लागू होती आणि ब्रेक, स्टिअरिंग व दिवे एवढेच तिचे विषय होते. परंतु नापास होणाऱ्या गाड्यांची संख्या इतकी मोठी निघाली कीं, १९६१ च्या अखेरीस दहा वर्षांची मर्यादा सातांवर आणावी लागली. आणि १९६७ पासून ती तिनांवर आली. आजहि इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथें मोटारीला तीन वर्षें पुरीं झालीं कीं तिला दरवर्षीं परीक्षेस बसावें लागतें. विषयहि वाढत गेले. १९६८ सालीं टायर आले. १९७७ सालीं वायपर, हॉर्न व गाडीचा सांगाडा यांची भर पडली. आणि १९९१ पासून पेट्रोलच्या गाड्यांचा धूरहि तपासूं लागले.

परीक्षेच्या दिवशीं सकाळीं मीं गाडी धुतली, पुसली, आंतून झाडून घेतली. इंजिन असें मंद व गोड चाले कीं शेजाऱ्याला ऐकूं जाऊं नये. परीक्षा दुपारीं संपेल, दुसऱ्या दिवशीं पहांटे घरच्या मंडळींना घेऊन स्कॉटलंडकडे निघावयाचें, असा बेत होता. पत्नीनें डबे भरून ठेवले होते आणि सहा वर्षांची मुलगी तर आदल्या रात्रींपासूनच गाडींत बसावयास तयार होती. तेथील परीक्षा सरकारनें परवाना दिलेल्या खाजगी गॅरेजांत होते आणि मालकाला ती ठराविक जागेवरून पाहण्याची मुभा असते. मीहि एका खुर्चीवर जाऊन बसलों. निकालाविषयीं मला यत्किंचितहि शंका नव्हती.

परीक्षकानें आधीं दिवे पाहिले. पुढचे मोठे दिवे नुसते लागून भागत नाहीं. त्यांचा झोत कोठें पडतो हें तो यंत्र लावून पाहतो, कारण वर चढलेला झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधेरी आणतो. ब्रेक दाबला कीं लागणारे लाल दिवे, वळण्याची खूण देणारे दिवे, फार काय मागच्या नंबराच्या पाटीवरचा चिमुकला दिवादेखील त्याच्या यादींत असतो. मग समोरची काच. चालकाच्या अगदीं नजरेसमोर, स्टिअरिंगच्या मध्याला धरून २९० मिलिमीटर रुंदीचा एक उभा पट्टा कल्पिलेला आहे. त्या पट्ट्यांत १० मिलिमीटरांहून मोठा तडा किंवा टवका असला तर गाडी नापास. वायपर फिरतो त्या उरलेल्या भागांत मात्र ४० मिलिमीटरांपर्यंत चालतें. काच धुण्याच्या डब्यांत पाणी नसलें तरी गाडी नापास होते. पाण्यासारख्या फुकटच्या वस्तूपायीं नापास होणारे मालक तेथें पुष्कळ भेटतात व ते फार चरफडतात!

त्यानंतर गाडीचीं चाकें फिरत्या रुळांवर चढविलीं जातात आणि ब्रेकचा जोर मोजला जातो. चारी चाकांच्या ब्रेकांचा एकंदर जोर गाडीच्या वजनाच्या निदान ५० टक्के भरावा लागतो. सप्टेंबर १९१० च्या काळीं जेथें घोड्यांचे टांगे धांवत, त्याच रस्त्यांवर सप्टेंबर २०१० पासून उतरलेल्या मोटारींना ही अट ५८ टक्क्यांची आहे. हातब्रेकला १६ टक्के पुरतात. पण नुसता जोर असून उपयोग नाहीं, तो दोन्ही बाजूंस सारखा हवा. एकाच आंसावरील एका चाकाचा जोर दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहूनहि कमी पडला, तर गाडी ब्रेक लावतांच एका अंगाला ओढली जाईल. म्हणून तीहि नापास. माझी गाडी या विषयांत उत्तम गुणांनीं उतरली आणि मीं मनांतल्या मनांत पाठ थोपटून घेतली.

एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. ज्या इंजिनाचा मला एवढा अभिमान, त्याच्या प्रकृतीची कोणी विचारपूस केली नाहीं. क्लच व गिअरपेटी यांचाहि प्रश्न निघाला नाहीं. इंजिनाचा धूर मोजतात, त्यांतून तेल गळतें कीं काय हें पाहतात, पण तें जोमदार आहे कीं थकलेलें, याशीं परीक्षेला कर्तव्य नसतें. मला हें प्रथम विचित्र वाटलें. विचार केल्यावर त्यांतील मर्म उमगलें. इंजिन बंद पडलें तर बहुधा मालकाची खोटी होते; ब्रेक लागला नाहीं तर रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा जीव जातो. गाडी थांबते कीं नाहीं, रस्ता धरते कीं नाहीं, चालकाला पुढचें दिसतें कीं नाहीं आणि दुसऱ्याला ती दिसते कीं नाहीं, असे हे चार प्रश्न आहेत. रंग उडालेली, पत्रा चेपलेली, खोकत चालणारी गाडीहि या चारांत उत्तीर्ण होऊं शकते. आणि आरशासारखी चकाकणारी गाडी नापास होऊं शकते.

माझी तशीच झाली. गाडी जॅकवर उंच चढवून परीक्षक खालीं शिरला. गंज कोठें धरला आहे हें तो पाहूं लागला. गंज साऱ्या अंगभर शोधीत नाहींत. स्टिअरिंग, ब्रेक, चाकांच्या स्प्रिंगा, सीटबेल्ट हे जेथें जोडलेले असतात, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरांच्या आंत पत्रा खाल्ला गेला असेल तर तो दोष धरतात. कारण पट्टा कितीहि मजबूत असला तरी ज्या पत्र्याला तो बांधला तोच भुसभुशीत असेल, तर पट्ट्याचा काय उपयोग? एवढें पाहून झाल्यावर त्यानें चाकांवरून हात फिरविला, क्षणभर थांबला आणि मला हातानें खूण करून जवळ बोलाविलें.

पुढच्या डाव्या टायरची आंतली कड त्यानें मला दाखविली. टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागांत, सबंध परिघावर, खाचांची खोली निदान १.६ मिलिमीटर असली पाहिजे असा नियम आहे. बाहेरून पाहतां माझ्या टायरच्या खाचा चांगल्या खोल होत्या. परंतु चाकाचा कल बिघडल्यामुळें आंतली कड रस्त्यावर घासत राहिली होती. तेथें रबर संपून आंतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. बोट लावलें तर टोंचल्या. आणि त्याच टायरवर दुसऱ्या दिवशीं, माझी मुलगी मागें बसली असतां, ताशीं सत्तर मैलांच्या वेगानें मी शेंकडों मैल जाणार होतों.

सन २०१८ पासून तेथें दोषांच्या प्रती पाडलेल्या आहेत. किरकोळ दोष असला तर तो लिहून देतात, पण गाडी उत्तीर्ण होते. मोठा दोष असला तर नापास. आणि तिसरी प्रत धोक्याच्या दोषाची. तो दुरुस्त झाल्यावांचून गाडी रस्त्यावर न्यावयाची नाहीं. माझ्या कागदावर हाच शेरा पडला. मी नवा टायर घातला, चाकांचा कल नीट करून घेतला आणि एक दिवस उशिरा निघालों. मुलगी रुसली, डब्यांतले पराठे आम्हीं घरींच खाल्ले.

श्रोतेहो, तो टायर एका दिवसांत झिजला नव्हता. महिनोगणती मी रोज त्या गाडींत बसत होतों, उतरत होतों. आपल्या अपराधाचें मूळ मला येथें दिसतें. दोष हळूहळू वाढतो आणि आपण त्याला तितक्याच हळूहळू सरावतों. ब्रेकचा पाय केसभर अधिक खालीं जाऊं लागला कीं पायहि केसभर अधिक दाबावयास शिकतो. दिवा मंदावला कीं डोळा जुळवून घेतो. रोजच्या सहवासानें घरांतल्या माणसाचें आजारपण जसें घरच्यांच्या नजरेंतून सुटतें आणि पाहुणा आल्याबरोबर "अहो, तुम्ही किती वाळलांत!" असें म्हणतो, तसाच हा प्रकार. वर्षांतून एकदां परक्या डोळ्यांनीं गाडी पाहावी, एवढाच या परीक्षेचा खरा उपयोग आहे.

तिच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. परीक्षकाला कोणताहि भाग खोलून पाहण्याचा अधिकार नसतो. जें दिसतें आणि हाताला लागतें तेवढ्यावरच त्यानें निकाल द्यावयाचा. शिवाय प्रमाणपत्र सांगतें तें त्या दिवसापुरतें. सोमवारीं उत्तीर्ण झालेल्या गाडीचा दिवा मंगळवारीं जाऊं शकतो, आणि मग प्रमाणपत्राचा कागद दाखवून मालकाची सुटका होत नाहीं. गाडी धड ठेवण्याची जबाबदारी वर्षाचे तीनशें पांसष्टहि दिवस त्याचीच. जें गॅरेज दोष काढतें तेंच पुष्कळदां दुरुस्तीहि करतें, ही आणखी एक खोंच. यासाठींच निकाल मान्य नसल्यास मालकाला दाद मागतां येते.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या देशांत खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळीं गाडी तपासणीस न्यावी लागते. तोंवर मुदतीमुदतीनें धुराचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें, पण त्यांत ब्रेकचें व टायरचें नांव नाहीं. म्हणजे तिकडे जो परीक्षक तीन वर्षांनंतर दरवर्षीं भेटतो, तो आपल्याकडे पंधरा वर्षें भेटत नाहीं. तेव्हां त्याची जागा आपणच घेतली पाहिजे, आणि त्याला लागतात दहा मिनिटें.

पावसाळ्यापूर्वीं एखाद्या रविवारीं सकाळीं गाडी सपाट जागेवर उभी करा. स्टिअरिंग एका बाजूस पुरें वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आंतली कड दिसूं लागेल. मग दुसऱ्या बाजूस वळवून दुसरी पाहा. मागच्या चाकांसाठीं मात्र वांकावें लागेल. टायरच्या खाचांच्या तळाशीं रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात. बाकीचें रबर झिजून त्यांच्या पातळीला आलें कीं १.६ मिलिमीटरांची सीमा गांठली असें समजावें. मोटारीसाठीं आपल्या नियमांतहि हाच आंकडा आहे. नंतर इंजिन चालू करून ब्रेकवर पाय दाबून धरा व मनांत साठ आंकडे मोजा. पाय हळूहळू खालीं खचत गेला तर कोठें तरी गळती आहे, त्याच दिवशीं मिस्त्रीला दाखवा. संध्याकाळीं गाडी भिंतीसमोर उभी करा, म्हणजे दिवे एकट्यालाहि तपासतां येतात. वायपरचीं रबरें पाहा, काच धुण्याच्या डब्यांत पाणी घाला. आणि मागच्या आसनावरचे पट्टे ओढून, अडकवून पाहा. आपल्याकडे ते पुष्कळदां गादीखालीं दडपलेले सांपडतात.

गाडी घेतांना आपण रंग पाहतों, आसनें पाहतों, गाणें लावून पाहतों. तें सारें आपल्यासाठीं असतें. टायर, ब्रेक आणि दिवे हे आपल्याइतकेच रस्ता ओलांडणाऱ्या पोरासाठीं व सायकलीवरून घरीं परतणाऱ्या कामगारासाठींहि असतात. त्यांना आपली गाडी तपासून पाहण्याची सोय नसते. ती तपासणी त्यांच्या वतीनें आपणच करावयाची आहे. तो झिजलेला टायर मीं टाकून दिला. पण बोटाला टोंचलेल्या त्या तारा अजून आठवतात, आणि दर दोन महिन्यांनीं गाडीपाशीं वांकून पाहिल्यावांचून मला चैन पडत नाहीं.