पुढची चाकं जखडली की...

जुन्या अँबॅसिडरचं इंजिन मागची चाकं फिरवायचं. अशा गाडीत काही हौशी पुढच्या ब्रेकच्या नळीवर एक व्हॉल्व्ह बसवतात. ब्रेक दाबून बटण धरलं, की पेडल सोडलं तरी पुढची चाकं जखडलेलीच. मागची जागेवर गरगरतात, टायरचा धूर निघतो. शर्यतीत टायर तापवून पकड वाढवायची ही युक्ती. रस्त्यावर मात्र नुसती रबराची नासाडी! १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ची पुढचीच चाकं गाडी ओढतात, तिथे हा व्हॉल्व्ह कुचकामी.

सोनपेठच्या ऊसवाल्यांना याहून कामाची आहे ती ट्रॅक्टरच्या दोन ब्रेक पेडलांना जोडणारी कडी. शेतात वळताना डावा किंवा उजवा ब्रेक एकटाच लागतो. डांबरीवर येण्याआधी मात्र कडी लावा. वेगात एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर त्या बाजूला झटक्यात वळून उलटू शकतो.