पारितोषिकानंतरचा हिशेब
(विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-प्रदर्शनाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



सकाळपासून मी तुमचे प्रकल्प पाहत आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली व ती गाठण्यासाठी २०३० ची मुदत घातली. त्यांपैकी सहावे, म्हणजे पाण्याचे व स्वच्छतेचे उद्दिष्ट येथील अनेक तक्त्यांवर झळकते आहे. तुमच्या कल्पकतेचे कौतुक करून मी खाली बसलो असतो. परंतु एक जुनी चूक मला तसे करू देत नाही.

मी नोकरीत असताना माझ्या विद्यार्थ्यांनी एका वाडीत पाणी गाळण्याची टाकी बांधली. खडी, वाळू, कोळसा, खर्च बेताचा. प्रकल्पाला पारितोषिक मिळाले. अहवालावर मार्गदर्शक म्हणून माझी सही होती. दोन वर्षांनी तेथे गेलो, तेव्हा टाकीत गोवऱ्या रचलेल्या होत्या. एक वृद्ध बाई म्हणाल्या, "गुरुजी, वाळू धुवायची कुणी? आम्हीच ना? अन् धुवायला पाणी कुठलं? तेही आमच्याच डोक्यावरून यायचं!"

आम्ही सिमेंटचा हिशेब मांडला होता, बायांच्या श्रमांचा मांडला नव्हता. जन्मभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी, याची लाज मला आजही वाटते.

याउलट, शिरूर तालुक्यातील पाबळचे उदाहरण पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील विद्यार्थी काम करीत शिकतात, गावाच्या गरजेची कामे करतात आणि त्यांचा मोबदला घेतात. पैसे मोजणारा ग्राहक सदोष काम गोड मानून घेत नाही; तोच खरा परीक्षक.

पण हा न्याय सर्वत्र लावता येणार नाही. ज्याच्याकडे मोबदला द्यायला पैसा नाही, त्याने गढूळ पाणी प्यावे काय? १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत पिण्याचे पाणी आहे. ती सार्वजनिक जबाबदारी आहे. विद्यार्थ्यांच्या उत्साहाकडे बोट दाखवून शासनाने ती झटकणे, ही नवनिर्मिती नव्हे. ती काटकसर आहे, आणि तिची किंमत गरिबांनी मोजायची असते.

म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे. निम्मे गुण आज द्या, उरलेले एका वर्षानंतर, गावात जाऊन द्या. परीक्षकांत पाणी भरणारी एक तरी बाई असू द्या. आणि देखभालीचा खर्च कोण करणार, हे ग्रामसभेत ठरल्यावाचून कोणताही प्रकल्प पूर्ण झाला असे मानू नका.

तक्त्यावरचा क्रमांक तुम्हांला व्यासपीठापर्यंत आणील. वाडीत मात्र तो क्रमांक कोणी विचारणार नाही. टाकी चालते का, एवढेच विचारतील. त्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी ठेवा. माझ्याजवळ ते नव्हते.