वय, दुखापत आणि शिडाची होडी

शिडाच्या होडीवर शरीराला तीन निरनिराळ्या प्रकारची कामे पडतात. वाऱ्याने एका अंगाला कललेली छोटी होडी सावरण्यासाठी तिच्या कडेवर बसून धड पाण्याच्या बाजूला झोकून द्यावे लागते. शिडाचा दोर हाताने किंवा विंच (दोर गुंडाळण्याचे चाक) फिरवून ताणावा लागतो. आणि सतत हलणाऱ्या डेकवरून, बहुधा ओणवे होऊन, या टोकाकडून त्या टोकाला जावे लागते. पहिल्या कामात मांड्या आणि पोट न हलता ताठ राहतात, दुसऱ्यात खांदे आणि पाठ राबते, तिसऱ्यात तोलाची परीक्षा होते.

वयाचा परिणाम या तिन्हींवर सारखा होत नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट वाढते. मात्र स्नायूंपेक्षा त्यांची ताकद लवकर उतरते, आणि ताकदीपेक्षाही ती क्षणात वापरण्याची चपळाई. साठीतला अनुभवी खलाशी दोर उत्तम ओढतो, पण पाय घसरला की दुसरा पाय वेळेवर पडत नाही. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, अचानक फिरली तर खाली वाकायला त्याला अर्धा क्षण जास्त लागतो. तोल डोळे, आतला कान आणि सांध्यांतील जाणीव यांच्यावर टिकतो. रात्रीच्या पहाऱ्यात डोळ्यांचा आधार बराच जातो, आणि उरलेले दोन्ही वयानुसार मंदावलेले असतात.

म्हणून रोज चालणे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, २ दिवस स्नायूंचे व्यायाम आणि ३ दिवस तोल व ताकद यांचे एकत्रित व्यायाम सुचवते. यांतला तोलाचा भागच बहुतेक जण सोडून देतात, आणि होडीवर तोच सर्वाधिक लागतो. हात न टेकता खुर्चीतून झटकन उठणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय मोडू न देणे, हे साधे उपाय फार उपयोगी पडतात. सूर्यनमस्कारांनी अंग लवचिक राहते. मात्र त्यांत शरीर हातांनी रेटावे लागते, काही ओढावे लागत नाही, आणि होडीवरचे हातांचे काम मुख्यतः ओढण्याचेच असते. त्यामुळे रबरी पट्टा ओढण्याचा व्यायाम जोडणे आवश्यक आहे. जोर लावताना श्वास रोखल्यास रक्तदाब एकदम चढतो. जोर लावतानाच श्वास सोडण्याची सवय जमिनीवरच लावून घ्यावी.

दुखापतीनंतर होडीवर परतण्याची घाई होते ती वेदना थांबली की. वेदना थांबणे आणि अवयव भार पेलण्याइतका सज्ज होणे यांत बरेच अंतर असते: हाड सांधायला आठवडे लागतात, तर खांद्याचा फाटलेला स्नायुबंध पूर्ववत व्हायला महिने. किती दिवस झाले यापेक्षा कोणते काम जमते, हे पाहणे अधिक खात्रीचे. दुखावलेली बाजू दुसऱ्या बाजूइतके ओढू शकते का? शांत पाण्यात, लाइफजॅकेट घालून, पाण्यातून होडीवर पुन्हा चढता येते का? हे जमेपर्यंत खुल्या समुद्रात जाऊ नये. औषधांकडेही लक्ष हवे: रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला बसलेला बूमचा हलका फटकाही गंभीर ठरू शकतो. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना लघवी अडण्याचा धोका असतो.

पुनर्वसन कुठपर्यंत पोहोचू शकते याचे भारतीय उदाहरण नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमी यांचे आहे. २०१३ साली न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळात, गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. शस्त्रक्रियेत कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवाव्या लागल्या आणि त्यांना चालणेही पुन्हा शिकावे लागले. तेच टॉमी २०२२ च्या शर्यतीत उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. मधली चार वर्षे विसरून या यशाकडे पाहणे चूक ठरेल. ज्येष्ठ खलाशी जीन सॉक्रेटिस यांची गोष्ट तितकीच बोलकी आहे. २०१७ मध्ये पडून त्यांची मान व बरगड्या मोडल्या, प्रदक्षिणेला निघणे लांबले. २०१९ मध्ये ७७ व्या वर्षी त्यांनी न थांबता एकटीने प्रदक्षिणा पूर्ण केली.

शरीराबरोबर होडीही बदलता येते: विजेची विंच, लवकर आवरता येणारे शीड, डेकवर जास्त आधारदांड्या. यात कमीपणा काहीच नाही.

मुंबई बंदरात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. या चार महिन्यांत कमावलेले अंग सैल पडते आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच फेरीत कंबर धरते. चाळिशी ओलांडलेल्यांनी व्यायामाला जूनमध्येच लागावे, आणि हृदयविकार किंवा हाडांचा ठिसूळपणा असल्यास होडी पाण्यात उतरण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.