निवडलेले आणि वगळलेले

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांतील क्रीडादिनीं, बक्षीस-समारंभाच्या प्रसंगीं प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या भाषणांत मागील पन्नास वर्षांचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि पुढील कार्यास शुभ चिंतावें, अशी रूढि आहे. तें काम उद्यांच्या सभेंत आपले चिटणीस माझ्याहून चांगल्या रीतीनें पार पाडतील. आज क्रीडादिन आहे. समोर ढाली आणि पेले मांडलेले आहेत. आणि ज्यांना त्यांतील एकहि मिळणार नाहीं अशीं मुलें, ज्यांना मिळणार त्यांच्यापेक्षां पुष्कळच अधिक आहेत. मी आज त्यांच्याविषयीं बोलणार आहें. विषय क्रिकेटचा आहे. परंतु तो केवळ क्रिकेटचा नाहीं, हें शेवटपर्यंत ऐकाल तर आपल्या ध्यानांत येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं एका उन्हाळ्यांत, सुट्टीवर गेलेल्या एका धर्मगुरूंच्या जागीं काम पाहण्याकरितां मी इंग्लंडांतील वूस्टरशर या काउंटींत राहिलों. काउंटी म्हणजे आपल्याकडील परगणा किंवा जिल्हा समजा. इंग्लंड व वेल्स मिळून प्रथमश्रेणीचें क्रिकेट खेळणाऱ्या अशा अठरा काउंट्या आहेत. वूस्टरशरचा क्लब १८६५ सालीं स्थापन झाला आणि १८९९ सालीं काउंट्यांच्या अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत उतरला. त्याचें न्यू रोड नांवाचें मैदान सेव्हर्न नदीच्या कांठीं आहे. पलीकडील तीरावर प्राचीन कॅथीड्रलचा मनोरा दिसतो. हिवाळ्यांत नदी फुगली म्हणजे हें मैदान वारंवार पाण्याखालीं जातें, आणि वसंत ऋतूंत त्याच गाळावर पुन्हां हिरवळ धरते. खाडीकांठच्या आम्हां लोकांस त्या मैदानाविषयीं आपुलकी वाटावी हें साहजिकच आहे.

मोठ्या संघाखालीं मुलांचे वयोगटांप्रमाणें संघ असतात, चढत चढत अठरा वर्षांपर्यंत. त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा, साधारण एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. पण त्याचा पाया हिवाळ्यांत घातला जातो. बाहेर दुपारीं चार वाजतां अंधार पडतो, तेव्हां हीं मुलें मोठ्या बंदिस्त दालनांत जाळ्यांमध्यें सराव करितात. तेरा वर्षांखालील मुलांस मोठ्यांपेक्षां लहान व हलका चेंडू देतात. जलद गोलंदाजी करणाऱ्या मुलानें दिवसांत किती षटकें टाकावीं याला वयाप्रमाणें मर्यादा असते, कारण वाढत्या वयांत पाठीच्या कण्यास इजा होण्याचें भय असतें. डोक्यावर शिरस्त्राण असल्याशिवाय फलंदाजीस उभें राहूं देत नाहींत. मुलांच्या शरीराची ही काळजी पाहून मला मनापासून आदर वाटला. मनाची काळजी घेणें मात्र इतकें सोपें नाहीं, हें पुढें कळलें.

माझ्या तेथील धर्मग्रामांतील एक वेदीसेवक अशा तेरा वर्षांखालील काउंटी-संघांत होता. त्याच्या आईबापांबरोबर, त्यांच्याच मोटारींतून जाऊन, मीं त्या हंगामांतील तीन सामने पाहिले. पहिला पावसानें अर्ध्यावर मोडला. दुसऱ्यांत शेवटच्या षटकांत आमच्या मुलांस आठ धांवा हव्या होत्या. त्यांनीं पांच काढल्या. तिसरा त्यांनीं सहज जिंकला. आमचा वेदीसेवक नवव्या क्रमांकाचा फलंदाज. तिन्ही सामन्यांत मिळून त्याच्या वांट्यास चार चेंडू आले, आणि गोलंदाजीचें एक षटक. बाकीचा सर्व वेळ तो सीमेजवळ उभा होता. परंतु षटक संपतांच सर्वांआधीं आपल्या नव्या जागीं जाणारा तोच, आणि दुसऱ्याची फेक चुकलीच तर चेंडू अडवावा म्हणून मागें धांवणारा तोच. या धांवण्याची नोंद धांवफलकावर होत नाहीं. परततांना त्याचे वडील म्हणाले, कीं दरवर्षीं हंगाम संपला म्हणजे पत्र येतें. पुढील वर्षाच्या तुकडींत मुलगा राहिला कीं नाहीं तें त्यांतून कळतें. मागील वर्षीं तें पत्र आलें तेव्हां मुलानें दोन दिवस तें फोडलें नव्हतें.

हीं पत्रें कोणाला कशीं जातात, याचा तेथील अभ्यासकांनीं शोध केला आहे. इंग्लंडांत शाळेचें आणि खेळाचें वय १ सप्टेंबर या तारखेवरून मोजतात. म्हणजे सप्टेंबरच्या आरंभीं जन्मलेला मुलगा व पुढील ऑगस्टच्या शेवटीं जन्मलेला मुलगा एकाच वयोगटांत पडतात. दहा वर्षांच्या मुलांमध्यें एका वर्षाचें अंतर म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा! पहिला अर्थातच उंच, दांडगा, जोरानें चेंडू टाकणारा. काउंट्यांच्या मुलांच्या संघांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्यें जन्मलेलीं मुलें प्रमाणाबाहेर अधिक, आणि जून ते ऑगस्टमधील मुलें फार थोडीं, असें आढळून आलें. निवडणाऱ्यांस वाटत होतें कीं आपण गुण पाहतों. पुष्कळदां ते जन्माचा महिना पाहत होते. याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी, कीं उशिरां जन्मलेलीं जीं थोडीं मुलें या चाळणींत टिकतात, त्यांच्यांतून पुढें व्यावसायिक खेळाडू होण्याचें प्रमाण अधिक दिसून आलें. थोरांशीं झुंजतां झुंजतां त्यांनीं युक्ति व चिकाटी कमावलेली असावी. पण जीं टिकलीं नाहींत तीं कोठें गेलीं? दहाव्या-अकराव्या वर्षीं ज्यांना सांगितलें गेलें कीं तुमच्यांत कांहीं नाहीं, त्यांनीं तें खरें मानलें असेल.

दुसरी चाळणी पैशाची. इंग्लंडांतील क्रिकेटमध्यें सर्वांस समान वागणूक मिळते कीं नाहीं याची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगानें २०२३ च्या जून महिन्यांत आपला अहवाल प्रसिद्ध केला. २०२१ सालीं इंग्लंडच्या पुरुष-संघाकडून खेळलेल्यांपैकीं शेंकडा ५८ जण खासगी शाळांत शिकलेले होते. एकंदर लोकसंख्येंत असे लोक शेंकडा ७ आहेत. ज्याच्या शाळेला स्वतःचें मैदान व स्वतःचा शिक्षक नाहीं, ज्याच्या बापाला दर आठवड्यास मोटार काढणें परवडत नाहीं, त्याची वाट अधिक चढणीची, हें वेगळें सांगावयास नको. मात्र आयोग नेमला तो तेथील नियामक मंडळानेंच, आणि अहवाल निघतांच त्यानें जाहीर क्षमा मागितली. दुसऱ्याच्या घरांतील दोष सांगतांना हा गुणहि सांगितला पाहिजे.

तिसरी चाळणी सर्वांत वाईट, आणि तिची आठवण त्याच वूस्टरशरमध्यें जागी आहे. बेसिल डॉलिव्हेरा हें नांव आपल्या कानांस परकें वाटणार नाहीं; अशा वळणाचीं आडनांवें आपल्या दफनभूमींतील क्रुसांवर पुष्कळ आहेत. तो दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउनचा. तेथील वर्णभेदाच्या राज्यानें त्याला मिश्रवर्णीयांत गणलें होतें. सेंट ऑगस्टिन क्लबाकडून त्यानें कितीहि धांवा काढल्या तरी देशाच्या संघांत त्याला जागा नव्हती. इंग्लंडांतील प्रसिद्ध समालोचक जॉन आर्लट यांस त्यानें पत्रें लिहिलीं. त्यांच्या खटपटीनें १९६० सालीं लँकेशरमधील मिडलटन क्लबानें त्याला बोलावलें, आणि प्रवासखर्चाकरितां केपटाउनच्या त्याच्या लोकांनीं पैसे जमविले. पुढें तो वूस्टरशरकडे आला, १९६५ च्या विजेत्या संघांत खेळला, आणि १९६६ सालीं इंग्लंडच्या कसोटी-संघांत गेला. खरें वय कळलें तर कोणी निवडणार नाहीं, या भीतीनें त्यानें तें कांहीं वर्षें कमी सांगितलें होतें.

१९६८ च्या ऑगस्टांत ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानें १५८ धांवा केल्या. आणि लागलीच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याकरितां जो संघ जाहीर झाला त्यांत त्याचें नांव नव्हतें. लोकांत मोठा क्षोभ झाला. टॉम कार्टराइट हा खेळाडू दुखापतीमुळें गळल्यावर त्याच्या जागीं डॉलिव्हेरास घेण्यांत आलें. तेव्हां तेथील पंतप्रधान फॉर्स्टर यांनीं तो संघ स्वीकारण्याचें नाकारलें व दौरा रद्द झाला. १९७० पासून १९९१ पर्यंत दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर राहिली. डॉलिव्हेरा २०११ सालीं निवर्तला. इंग्लंड व दक्षिण आफ्रिका यांच्यामधील कसोटी-मालिकेच्या चषकास आज त्याचें नांव आहे. त्याचा मुलगा डेमियन वूस्टरशरकडून खेळला, आणि काउंटीच्या होतकरू मुलांस घडविण्याचें काम पुढें त्याच्याच हातीं आलें. नातू ब्रेट यानें त्याच काउंटीच्या संघाचें नायकत्व केलें. एकदां वगळलेल्या माणसाच्या घराण्यानें त्या काउंटीस किती दिलें, हें निवडणाऱ्यांनीं विसरूं नये.

शमुवेल संदेष्टा राजा निवडण्याकरितां बेथलेहेमांत इशायाच्या घरीं गेला, ही गोष्ट तुम्हीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकली आहे. थोरला उंचापुरा मुलगा समोर येतांच शमुवेलास वाटलें, हाच तो. एवढा मोठा संदेष्टा, पण तोहि उंचीला भुलला! सात मुलें समोरून गेलीं. आठव्याला बापानें बोलावलेंहि नव्हतें. तो मेंढरें राखीत होता. तो दावीद. शमुवेलाचें मोठेपण एवढ्यांत आहे, कीं संपली का मुलें, असें त्यानें विचारलें.

मीं तें विचारलें नाहीं. आतां माझें पापनिवेदन करतों. तें जाहीरपणें करण्यास हरकत नाहीं. पंचवीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत सहायक धर्मगुरु होतों. नाताळपासून उपवासकाळ लागेपर्यंत दर रविवारीं दुपारीं आसपासच्या धर्मग्रामांतील चौदा वर्षांखालील मुलांचे सामने होत. संघ निवडण्याचें काम माझ्याकडे होतें. मीं उंच व दणकट मुलें निवडलीं, यादी देवळाच्या फलकावर लावली आणि आंत निघून गेलों. एक किरकोळ अंगाचा मुलगा पावसाळा संपल्यापासून एकहि सराव चुकला नव्हता. तो खेळपट्टीवर पाणी मारी, कुंपणांत हरवलेले चेंडू शोधून आणी. यादी वाचून तो माझ्याकडे आला व म्हणाला, "फादर, मग मी धांवांची वही लिहूं का?" मीं आनंदानें होकार दिला. प्रश्न सुटला असें मला वाटलें.

त्या हंगामांत आम्ही सात सामने खेळलों व पांच जिंकलों. सातहि सामन्यांची वही त्यानें सुरेख अक्षरांत लिहिली. पुढील वर्षीं तो सरावास आला नाहीं. हळूहळू वेदीसेवेसहि येईनासा झाला. माझी बदली झाली तेव्हां कपाट आवरतांना ती वही हातीं लागली. प्रत्येक पानावर आमच्या अकरा नांवांखालीं त्यानें बारावी रेघ आंखली होती. बाराचा आंकडा घातला होता आणि पुढें कांहीं लिहिलें नव्हतें. सातहि पानांवर तसेंच. मीं बाप्तिस्म्याची नोंदवही काढून पाहिली. तो माझ्या अकरा मुलांतील बहुतेकांहून जवळजवळ वर्षानें लहान होता. ती नोंदवही यादी लावली त्या दिवशींहि त्याच कपाटांत होती. त्या पांच विजयांतील एकहि आज मला नीट आठवत नाहीं.

कोणी म्हणेल, फादर, निवड केल्यावांचून संघ कसा होईल? खरें आहे. अकराच खेळतात. प्रभु येशूनेंहि पुष्कळ शिष्यांतून बाराच निवडले. पण त्यापूर्वीं त्यानें सारी रात्र डोंगरावर प्रार्थनेंत घालविली. माझी निवड पंधरा मिनिटांत झाली होती.

म्हणून युवकमंडळाशीं विचार करून आम्हीं या महोत्सवी वर्षापासून तीन गोष्टी ठरविल्या आहेत. पहिली: जो मुलगा किंवा मुलगी नियमानें सरावास येईल, त्यास हंगामांत निदान दोन सामन्यांत खेळावयास मिळेलच. दुसरी: निवडीच्या वेळीं प्रत्येक नांवापुढें जन्माचा महिना लिहिला जाईल. तिसरी: यादी फलकावर लागण्यापूर्वीं, ज्याचें नांव नाहीं त्याला निवडणाऱ्यानें स्वतः भेटून कारण सांगावें, आणि काय सुधारावें तेंहि सांगावें. यामुळें आपण दोन सामने अधिक हरूं. शेजारच्या धर्मग्रामांतील मंडळी हंसतील. तें सोसण्याची तयारी मीं केली आहे. आईबापांनींहि करावी, अशी माझी विनंति आहे.

आणि मुलांनो, ज्यांना आज पेला मिळणार नाहीं त्यांस एक सांगतों. यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हां प्रेषितांनीं दोघांस उभें केलें: बार्सबा म्हटलेला योसेफ आणि मथिया. दोघेहि आरंभापासून प्रभूबरोबर चाललेले. चिठ्ठी मथियाच्या नांवाची निघाली. योसेफ रागावून निघून गेला असें कोठें लिहिलेलें नाहीं. त्याचें नांव मात्र पवित्र शास्त्रानें जपून ठेविलें आहे. तुमचीं नांवें आम्हीहि जपूं. मागील रविवारीं ज्यांचीं नांवें यादींत नव्हतीं, त्यांनीं बक्षीस-समारंभ आटोपल्यावर माझ्या खोलीवर यावें. एक-एकाशीं बोलावयाचें आहे. आणि आधीं क्षमा मला मागावयाची आहे.

प्रभु तुम्हां सर्वांस, खेळणाऱ्यांस आणि वाट पाहणाऱ्यांस, आशीर्वाद देवो.