भाड्याची खोली, मालकाचा मीटर



पाण्यासाठी आपण हंडा-मोर्चे काढले, रेशनसाठी तहसीलवर बसलो. विजेचा विषय निघाला की मात्र ‘बिल आलं, भरलं’ एवढ्यावर बोलणं थांबतं. ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांच्यापुरतं ते ठीक आहे. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला बिल दिसतच नाही. तिला दिसतो तो मालकाने सांगितलेला आकडा.

लातूर आणि नांदेड ही भाडेकरूंची शहरं आहेत. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने शिकायला आलेली मुलंमुली, खेड्यातून मजुरीला आलेली कुटुंबं, धुणीभांडी करणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायका, असे सगळे एकेका खोलीत राहतात. वर पत्रा, एकच खिडकी, आणि एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडणारा पारा. अशा खोलीत पंख्याला चैन कोण म्हणेल? तरी दुपारी पंखा लावला म्हणून बोलणी खातात त्या बायकाच, कारण दिवसभर घरात त्या आणि त्यांची पोरं असतात.

हे होतं कसं, ते साध्या हिशेबाने पाहू. महावितरणचा (आपण अजून एमएसईबीच म्हणतो) घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटला कमी, १०१ ते ३०० ला जवळजवळ दुप्पट. समजा, एका वाड्यात तीन बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकी ८० युनिट जाळतात. तीन मीटर असते तर तिघीही स्वस्त टप्प्यात राहिल्या असत्या. मीटर एकच असला की बेरीज २४० होते आणि त्यातली १४० युनिट महाग टप्प्यात जातात. गरिबाने कमी वापरावं आणि कमी भरावं म्हणून केलेली सोय अशी गरिबाच्याच अंगावर उलटते. त्यात सबमीटरवर मालक ठरवील तो दर. पाण्याची मोटार कोणाच्या मीटरवर चालते, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर ‘खोली रिकामी करा’ हे उत्तर तयार असतं.

स्वयंपाकाचंही तेच. खोलीत चूल पेटवू देत नाहीत, विजेची शेगडी चालत नाही, रेशनचं रॉकेल जवळजवळ संपलं. मग छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून घ्यायचा, तो जास्त भावाने आणि जीव धोक्यात घालून. २०२१ साली आलेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं. घरमालकाचा कागद लागत नाही. हे किती भाडेकरू बायकांपर्यंत पोचलं आहे, ते आपापल्या वस्तीत विचारून पाहा.

आता कायदा काय म्हणतो? २००३ च्या वीज कायद्याचं ४३ वं कलम मालकालाच नव्हे, तर जागेत राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच पाहायचं. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा भाडेकायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे मालकाला भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडता येत नाही. ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे.

कागदावर हे सगळं आहे. पण हक्क मागायला कागद लागतो, आणि आपल्या बहुतेक बायकांचा करार तोंडी असतो. असलाच तर नवऱ्याच्या नावावर. नवरा सोडून गेला की ती त्या खोलीत राहते हे सिद्ध करायलाही तिच्याजवळ काही उरत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारीला तर भाडेकरूचं पूर्ण संरक्षणही नाही.

सरकारच्या योजना पाहा. २०२४ ची सूर्यघर योजना छप्पर असणाऱ्यासाठी आहे. भाडेकरूला छप्पर कुठून आणायचं? दुसरीकडे, उदगीर-देवणीला लागून असलेल्या बिदरमध्ये, म्हणजे कर्नाटकात, २०२३ च्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूलाही ठेवली. दिल्लीने २०१९ साली मालकाच्या संमतीविना भाडेकरूला प्रीपेड मीटर देण्याची योजना काढली. इंग्लंडमध्ये ऊर्जेच्या किमान दर्जाखालचं घर भाड्याने देण्यावर २०१८ पासून बंधन आहे. म्हणजे जबाबदारी मालकावर टाकता येते. त्यासाठी इच्छा लागते.

म्हणून आपल्या मागण्या अशा: ना-हरकतीशिवाय, राहत असल्याच्या साध्या पुराव्यावर बाईच्या नावाने स्वतंत्र मीटर. त्या पुराव्यात मुलांच्या शाळेचा दाखला किंवा नगरसेवकाचं पत्रही चालावं. सबमीटर असेल तिथे मूळ बिल भिंतीवर लावावं आणि दर त्या बिलापेक्षा जास्त नसावा. सौर योजनेत भाडेकरूंना सामूहिक प्रकल्पातला वाटा मिळावा. पत्र्याच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांना हवा आणि उजेडाची किमान अट असावी.

एकटी बाई मालकाशी भांडली तर तिची खोली जाते. दहाजणींचे अर्ज एकाच दिवशी वीज कार्यालयात पडले तर पोच द्यावीच लागते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या भाडेकरू बायकांची यादी आणावी. नाव बाईचं लिहा, नवऱ्याचं नको. कामाची सुरुवात त्या यादीपासून करू.