साष्टींतील ख्रिस्ती घरांचे चाळीस दिवस

उपवास म्हटला कीं मराठी घरांत साबूदाणा भिजत पडतो, शेंगदाण्यांचें कूट होतें, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कोणी तरी हळूच म्हणतो. अंधेरी, मरोळ, पोयसर, गोराई येथील ख्रिस्ती घरांतला उपवास मात्र निराळ्या वळणाचा आहे. त्यांत फराळ नाहीं. धान्याधान्यांत भेद नाहीं. भात चालतो, भाकरी चालते. जेवावयाचें कमी, एवढेंच.

हीं कुटुंबें ईस्ट इंडियन म्हणून ओळखलीं जातात. नांव इंग्रजी, बोली मराठी. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, १८८७ सालीं, त्यांच्या पुढाऱ्यांनीं हें नांव धारण केलें. माणसें मात्र येथलींच, पोर्तुगीज अंमलांत ख्रिस्ती झालेलीं. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत फ्रान्सिस्कन साधूंनीं सोळाव्या शतकांत आपलें देऊळ थाटलें. तेथें भिंतीवर कोरलेला क्रूस अद्याप दिसतो. या साधूंच्या १२२३ सालच्या नियमांत सर्व संतांच्या सणापासून नाताळापर्यंत, ईस्टरपूर्वीं आणि दर शुक्रवारीं उपवास सांगितला आहे. शिकविणारेच उपवासी होते. निदान नियमाप्रमाणें तरी.

येशूनें अरण्यांत चाळीस दिवस अन्नावांचून काढले, त्याचें स्मरण म्हणून हा काळ पाळतात. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात ४६. त्यांतले सहा रविवार वगळले कीं चाळीस उरतात. पूर्वीं या काळांत नियम कडक असे. पहांटेच्या मिस्सेंत ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य. ही अट १९५३ सालीं पाण्यापुरती सुटली, १९५७ मध्यें तीन तासांवर आणि १९६४ मध्यें एका तासावर आली. पोप सहावे पॉल यांनीं १९६६ सालीं उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच ठेवले: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. अठरा वर्षें पुरीं झाल्यापासून साठावें लागेपर्यंत या दिवशीं एकदां पोटभर जेवावें; आणखी दोनदां थोडें घ्यावें, पण तें दोन्ही मिळून एका जेवणाइतकें होऊं नये. मांस चौदा वर्षांपुढील सर्वांस वर्ज्य.

मांस वर्ज्य, मासळी नव्हे! हा नियम घडला तो दूरच्या युरोपांत. गोराईच्या कोळ्याला मांस सोडण्यांत कसलें आलें तप? मटण टाकून पापलेटाचें कालवण केलें तर नियम पाळला जातो. उपवास झाला कीं नाहीं, तें ज्याचें त्यानें पाहावें. म्हणूनच जाणतीं माणसें नियमावर थांबत नाहींत. कोणी चाळीस दिवस विडी सोडतो, कोणी दारू. पगाराच्या दिवशीं ज्या घरांत बाटली येते, त्या घरच्या बाईला या चाळीस दिवसांचें मोल धर्मशास्त्र न शिकतांही कळतें. वाणी, शाळेची फी, घरभाडें, सारीं देणीं वेळेवर फिटतात. ईस्टर उलटल्यावर काय होतें, तें तिचें तीच जाणे.

उरलेला पैसा मडक्यांत सांठवून ठेवावयाचा नसतो. उपास करून नोकरांस राबविणाऱ्यांवर यशया संदेष्टा कडाडून बरसला आहे. भुकेल्याला आपल्या भाकरींतली भाकरी देणें हाच त्याच्या मतें देवाला रुचणारा उपवास. कॅरिटास इंडिया ही कॅथलिक संस्था भूक व रोग यांविरुद्धची आपली मोहीम याच काळांत चालविते, त्याचें मूळ येथें आहे.

या व्रतांत एक गंमतीची अडचण आहे. उपवास करणाऱ्यानें तोंड धुवावें, डोक्याला तेल लावावें, लोकांना कळूं देऊं नये, असें येशूनें सांगितलें. हाच उतारा राखेच्या बुधवारीं मिस्सेंत वाचला जातो; आणि त्यानंतर जुन्या झावळ्यांची राख लोकांच्या कपाळावर फासली जाते! त्या दिवशीं सुटी नसते. मिस्सेहून परस्पर कचेरी गांठणारे कांहीं जण अंधेरीच्या फलाटावर पोंचण्यापूर्वीं रुमालानें कपाळ पुसतात आणि त्यासाठीं त्या उताऱ्याचा आधार देतात. कांहीं पुसत नाहींत. माती होणार हें आठवण्यासाठीं लावलेली राख, ती मिरवण्याची वस्तु कशी, असें त्यांचें म्हणणें. घामानें ती दुपारपर्यंत आपोआपच ओघळते.