इंजिनाची ताकद वाढवली, पण कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ती पेलेल का?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं थोडी सरळ केली आहेत.)

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. केज तालुक्यातल्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, माझ्याकडे स्कॉर्पिओ-एन डिझेल ऑटोमॅटिक आहे. रिमॅप करून पिकअप वाढवायचाय. इंजिन टिकेल असं सगळे सांगतात. पण कंपनीचा गिअरबॉक्स टिकेल का? गाडीचे हप्ते अजून तीन वर्षं चालू आहेत."

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आपल्या बीड जिल्ह्यात स्कॉर्पिओ ही हौस असते, आणि बऱ्याच घरांत ती कमाईचं साधनही असते. लग्नाची भाडी, दवाखान्याच्या फेऱ्या, पुण्या-संभाजीनगरच्या खेपा, सगळं तिच्यावरच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जातो, आणि गाडी उभी राहते ते दिवस वेगळेच. म्हणून आज जरा नीट, आकड्यांसकट बोलू.

गिअरबॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही

गिअरबॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला कळतो फक्त टॉर्क. म्हणजे पीळ, फिरवण्याचा जोर. नट आवळताना पान्यावर आपण जो जोर लावतो, तोच. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. प्रत्येक गिअरबॉक्स बनवतानाच तो किती टॉर्क आत घेऊ शकतो हे ठरलेलं असतं. काही कंपन्या तर तो आकडा नावातच घालतात. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक २००९ मध्ये आला, बीएमडब्ल्यूपासून लँड रोव्हरपर्यंत कित्येक गाड्यांत बसला. त्याचं एक मॉडेल ८एचपी७०. यातले ७० म्हणजे साधारण ७०० न्यूटन-मीटर. ८एचपी४५ म्हणजे साधारण ४५०. पोत्यावर वजन छापलेलं असावं, तसं.

म्हणून "ऑटोमॅटिक पेलेल का?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कोणता ऑटोमॅटिक, त्याची मर्यादा किती, आणि तुम्ही नेणार किती, हे तीन आकडे आधी मांडायचे.

उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे

आपल्याकडे एक समज पक्का आहे. मॅन्युअल म्हणजे दणकट, ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक. आता हे आकडे बघा.

स्कॉर्पिओ-एनचं जास्त ताकदीचं डिझेल इंजिन १७५ पीएसचं. मॅन्युअलमध्ये त्याचा टॉर्क ३७० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकमध्ये ४००. एक्सयूव्ही ७०० डिझेल, १८५ पीएस: मॅन्युअल ४२०, ऑटोमॅटिक ४५०. टोयोटा फॉर्च्युनर २.८ लिटर, २०४ पीएस: मॅन्युअल ४२०, ऑटोमॅटिक ५००. इंजिन तेच आहे, तरी कंपनीने स्वतःच मॅन्युअलला टॉर्क कमी दिलाय. म्हणजे या गाड्यांत ऑटोमॅटिकच जास्त ओझं वाहतोय.

आता उलटं उदाहरण. २०१६ ची स्कोडा सुपर्ब, १.८ लिटर पेट्रोल, १८० पीएस. तिचा मॅन्युअल ३२० न्यूटन-मीटरचा, आणि ऑटोमॅटिक फक्त २५० चा. कारण त्यात कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी होता, आणि त्याची मर्यादाच २५० ची. त्यापुढे तो न्यायचाच नाही, म्हणून कंपनीने इंजिनालाच लगाम घातला.

या दोन्ही बाजू बघितल्या की कळतं, ऑटोमॅटिक हे एकच जनावर नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये आहे तो आयसिनचा सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला. डीएसजीत दोन क्लच असतात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी मशीन. एएमटीवाल्यांनी ताकद वाढवायचा विचार करताना मॅन्युअलच्या क्लच प्लेटचाच हिशेब धरायचा.

आत नेमकं काय होतं

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेला डबा, त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. गाडी जागेवरून उठताना हा डबा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो. म्हणून भरलेली गाडी ऑटोमॅटिकमध्ये चढावर अलगद उठते.

त्याच्या मागे क्लच पॅक असतात, पातळ पातळ चकत्यांच्या थप्प्या, तेलात बुडालेल्या. कोणता गिअर लागणार हे कोणती थप्पी आवळली जाते त्यावर ठरतं, आणि ती आवळतो तेलाचा दाब. दाब पुरेसा असला की थप्पी घट्ट बसते, कमी पडला की घसरते. घसरली की तापते, तापली की जळते.

आता खरी मेख. हा दाब किती ठेवायचा ते गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, म्हणजे टीसीयू ठरवतो. आणि तो विश्वास ठेवतो इंजिनच्या कॉम्प्युटरवर, ईसीयूवर. ईसीयू म्हणतो, "मी आत्ता ४०० देतोय," की टीसीयू ४०० पुरता दाब लावतो.

समजा रिमॅपवाल्याने टॉर्क ४०० चा ४८० केला, पण ईसीयू अजूनही ४०० च सांगतोय. मग दाब ४०० चा आणि ओझं ४८० चं. लोखंड मजबूत असूनही चकत्या घसरणार. पहिल्या दिवशी काही कळत नाही, गाडी मस्त पळते, मित्र खूश. सहा महिन्यांनी तिसऱ्यातून चौथा पडताना आरपीएम उगाच वर उडतो, आणि मग आठवतं की रिमॅप केला होता.

म्हणून नुसता "इंजिनचा रिमॅप" हा अर्धाच सौदा आहे. करणाऱ्याला सरळ विचारा, टीसीयूचं काय करणार? बरोबरचं उत्तर आलं नाही तर चहा पिऊन निघून या.

उष्णतेचा हिशेब

दुसरा शत्रू उष्णता. १७५ पीएस म्हणजे जवळपास १२९ किलोवॅट. पूर्ण ताकद लागलेली असताना टॉर्क कन्व्हर्टर घसरतोय आणि त्यातली समजा १० टक्के ताकद तेलात मुरतेय, तर ती झाली तेरा किलोवॅट. घरातला गिझर दोन किलोवॅटचा धरला तर सहा-साडेसहा गिझर एकदम चालू, तेही एवढ्याशा तेलात. ते तेल थंड करायला कंपनीने जो कूलर दिलाय, तो कंपनीच्या आकड्यापुरता. तुम्ही ताकद २० टक्के वाढवली तरी कूलर तेवढाच राहतो.

त्यात आपला मे महिना, ४० च्या वर पारा. गाडीत आठ माणसं, वर सामान, एसी फुल, आणि समोर मांजरसुंब्याचा नाहीतर धारूरचा घाट, पुढे ट्रकची रांग. हळूहळू, थांबत थांबत चढायचं. कन्व्हर्टर सगळ्यात जास्त घसरतो तो असाच. १२० च्या वेगाने सरळ हायवेवर जाताना तो लॉक झालेला असतो, तेव्हा एवढी उष्णता होतच नाही. गिअरबॉक्स घाटात आणि ट्रॅफिकमध्ये मरतो, बरं का.

उसाच्या ट्रॅक्टरकडून शिकण्यासारखं

ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी नाही ते म्हणतील, आमचा काय संबंध. संबंध आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ट्रॅक्टर निघतात, मागे दोन ट्रॉल्या, कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत. पन्नास एचपीचं इंजिन आणि मागे उसाचं पंधरा-वीस टन ओझं. निघायच्या आधी कित्येक जण पंप वाढवून घेतात. डिझेल जास्त जातं, धूर काळा होतो, ताकद वाढते. आणि ऐन हंगामात क्लच प्लेट जाते नाहीतर क्राऊन-पिनियन बोलतं.

का? नीट बघा. गिअरबॉक्सवर किती पीळ येणार याला एक नैसर्गिक फ्यूज असतो, तो म्हणजे टायर. टायर घसरला की त्यापुढे पीळ वाढतच नाही. पण आपण टायरमध्ये पाणी भरतो, ट्रॉलीचं वजन हुकवर घेतो, म्हणजे टायर जमिनीला घट्ट चिकटवतो. फ्यूजच्या जागी जाड तार बांधल्यासारखं झालं ते. टायर घसरत नाही, मग त्याच्या मागचं जे कमजोर असेल ते तुटतं. ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर खेपा बुडतात, उचल मात्र अंगावर तशीच राहते.

गाडीलाही हाच नियम. रिमॅपबरोबर रुंद टायर टाकले की फ्यूज आणखी जाड झाला. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच पक्की असते. इंजिन पक्कं केलं म्हणजे कच्ची कडी फक्त मागे सरकते.

मग करायचं काय?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

एक. गाडी कमाईची असेल आणि हप्ते चालू असतील, तर रिमॅप नको. वॉरंटी अंगाशी येते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला कारण मिळतं.

दोन. हौसेची गाडी आहे, वॉरंटी संपलीय, करायचंच आहे, तर थोडकं करा. खालच्या आरपीएमला एकदम टॉर्क नको, तो वर हळूहळू वाढू द्या. टीसीयू बरोबर जुळवून घ्या. तेलाला जादा कूलर लावा.

तीन. आधी तेल बघा. निरोगी तेल बहुधा लालसर असतं. काळपट झालं असेल आणि जळका वास येत असेल, तर चकत्या आधीच घसरतायत. अशा गाडीत ताकद वाढवणं म्हणजे आजारी बैलाला जादा ओझं. "आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही" यावर जाऊ नका. झेडएफ स्वतः आठ गिअरच्या बॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. आपल्या उन्हात आणि धुळीत मी त्याच्या अलीकडचा आकडा धरीन.

चार. लक्षणं ओळखा. गिअर पडताना आरपीएम उडणं, रिव्हर्स टाकल्यावर गाडी उशिरा हलणं, साठ-सत्तरच्या वेगाला एकसारखी थरथर. यातलं एक जरी दिसलं तरी आधी गिअरबॉक्स दाखवा. लवकर गेलात तर तेलावर भागेल, उशिरा गेलात तर बॉक्स उतरवावा लागेल.

पाच. ताकद वाढवली की थांबायची ताकदही बघा. ब्रेक पॅड, डिस्क, टायर. घाट उतरताना 'डी'मध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर येऊ नका. मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर लावा, इंजिनाला गाडी धरू द्या.

तर केजच्या भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. तुमचा गिअरबॉक्स कच्चा नाही, मॅन्युअलपेक्षा ३० न्यूटन-मीटर जास्तच वाहतोय. पण तो ४०० च्या हिशेबाने राबवलेला आहे, आणि वर किती जागा शिल्लक आहे ते माहितीपत्रकात छापलेलं नाही. जी शिल्लक माहीत नाही तिच्या भरवशावर हप्त्याची गाडी लावू नका. तीन वर्षांनी हप्ते फिटले आणि हौस तेवढीच राहिली, तर तेल तपासून या, मग बोलू.

पुढच्या भागात जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेताना चाचणी कशी घ्यायची, ते बघू. प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल, साल आणि किलोमीटर नक्की लिहा, म्हणजे उत्तर नेमकं देता येतं. सांभाळून चालवा. राम राम.